दोन सातांवर चाल

नीलक्काच्या घरी कुकर चढला की नीलक्का माझ्या घरी येऊन बसते. माझ्या पायरीवरून तीन शिट्ट्या मोजते आणि मग गॅस बंद करायला मला पाठवते. म्हणजे फुटायचाच असेल तर मी जवळ असताना फुटावा. हे मी तिला तोंडावर बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तसं न्हाई गं चंद्राबाई. तुला भ्या वाटत न्हाई म्हणून तुला धाडते." जसं काही कुकर आधी विचारून घेतो, कोणाला भीती वाटते आणि कोणाला नाही.

आमच्या दुबलगुंडी गावात रोडच्या कडेला नवे प्लॉट पडले तेव्हा तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून आलं. ती लिंगायत, आम्ही बौद्ध. तिची सासू होती तोवर नीलक्कानं माझा उंबरा ओलांडला नाही. सासू गेली, वर्षभरात मुलानं कुकर आणून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी ती माझ्या घरात बसून माझ्या हातचा चहा पीत होती. लोक यावर मोठमोठी भाषणं देऊन जातात. आमच्याकडं ते काम एका शिट्टीनं झालं.

ती कशाला भीत नाही ते सांगणं सोपं, ती यादी छोटी आहे. पालीला भिते, पोस्टमनला भिते, डॉक्टरच्या पायरीला भिते. फोन चार्जिंगला लावला की त्याच्यावर पातेलं पालथं घालते, फुटला तर आतल्या आत फुटावा म्हणून. मग फोन वाजतो पातेल्याखाली, आणि ही पातेलं उचलायला भिते. कोणी हसलं तर म्हणते, "भिऊन काय झिजतंय? हसून दात झिजत्यात."

दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघी नीलक्काकडं पत्त्याला बसतो. तिसरी रजियाबी, मागच्या गल्लीत शिलाई मशीन चालवते. खेळ तीन पत्तीचा, पण पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे. नेम नीलक्काचे. पानं बघून झाली की आपल्या पाळीला चिंचोका टाकायचा, नाहीतर 'राहू दे' म्हणायचं. एकीनं टाकला की दुसरीनंही टाकायचा किंवा पानं खाली ठेवायची. शेवटी पानं उघडायची, ज्याची मोठी त्याचा डाव. आणि एका वेळी एकच चिंचोका. दोन का नाही? तर नीलक्काला भीती वाटते.

तीन एक्के आले तर कोणीही चाल करेल. काहीच आलं नाही तर कोणीही गप बसेल. पंचाईत होते ती दोन सात आणि एक सटरफटर पान आलं की. धड चांगलं नाही, धड वाईट नाही. अशा वेळी माझ्यासारखी बाई आपल्या पानांकडं बघत बसते. नीलक्का आपल्या पानांकडं बघतच नाही, ती आमच्या तोंडाकडं बघते. भित्रं माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडं फार बघतं. जन्मभर तेच केलेलं असतं त्यानं.

"आपली पानं काय बघायचीत?" ती म्हणते. "ती काय बदलत न्हाईत. माझ्याहून बेकार पानं घिऊन मागं कोण येतंय, ते बघायचं. येत असंल तर चिंचोका टाकायचा. निसत्या चांगल्या पानावाल्याच येणार असतील तर कशाला टाकायचा? मार खायला?"

मी चौथी शिकलेली. हे डोक्यात शिरायला मला दोन वर्षं लागली. रजियाबीला राहवत नाही. हातात नुसती राणी असली तरी म्हणते, "एकीच तो चिंचोका है अक्का, देखती मैं." म्हणून रजियाबीपुढं नीलक्का दोन सातांवर बेधडक चाल करते आणि जिंकते. माझ्यापुढं करत नाही.

"तू आलीस म्हंजे तुझ्याकडं हायच," मला म्हणते. "तुझ्यासंगं खेळण्यात मजा न्हाई. दगुड हायस तू."

ते खरं आहे. मी वाईट मानलं नाही.

होळीच्या सुमाराला नीलक्काचा खेळ बिघडला. दोन सात आले, राहू दे. दोन राण्या आल्या, राहू दे. एके दिवशी पानं उघडली तर तिच्यापुढं नव्वा, दश्शी आणि गुलाम. ओळीनं आलेले. त्याच्यावरही तिनं राहू दे म्हटलेलं.

रजियाबी हातातले चिंचोके टाकून उठली. "या अल्ला! इत्ते अच्छे पत्त्यांपे राहू दे? अक्का, तबियत तो ठीक है ना?"

"ठीक हाय. तू जा, तुझे ब्लाउज ऱ्हायलेत."

रजियाबी गेली. नीलक्का उठली आणि तिनं दार लावलं. भर दुपारी.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"मग दार कामून लावायलीस?"

तिनं माझा हात धरला आणि आपल्या डाव्या काखेखाली, छातीच्या कडेला नेऊन ठेवला. लिंबाएवढी गाठ. दाबली तरी हलत नव्हती. मी हात ओढून घेतला. मला भीती वाटत नाही असं ही बाई गावभर सांगत फिरते.

"कवापासून हाय?"

"संक्रातीपासून. हुमनाबादच्या डाक्टरला दावली. कलबुर्गीला जा म्हणाला. तिथं सुई घालून बघत्यात. वाईट असंलबी म्हणाला, नसंलबी म्हणाला."

"संक्रातीपासून! आन् तू इथं चिंचोके मोजायलीस? बसूला सांगितलंस का?"

बसू तिचा एकुलता एक मुलगा. हैदराबादला कंपनीत आहे. कुकर त्यानंच आणला, फोनही त्यानंच. स्वतः मात्र दोन दसरे झाले, आलेला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणतो. मिळत नसेल.

नीलक्का पत्ते गोळा करत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं आन् त्यो आलाच न्हाई तर?"

"न्हाई आला तर न्हाई. मी हाय की."

"तसं न्हाई गं. आता कसं हाय, मी बोलवलंच न्हाई म्हणून त्यो येईना. बोलवल्यावर आला न्हाई, तर मग मी काय म्हणू?"

मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "दोन सात आल्यात तुला. जलमभर आमाला शिकीवलंस ना? टाक की मग."

"तिथं एका चिंचोक्याचा नेम हाय चंद्राबाई," ती म्हणाली. "इथं न्हाई."

पुढचे चार दिवस ती कुकर लावून माझ्या पायरीवर येऊन बसायची आणि गाठीचा विषय काढू द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी मी तिचा गॅस बंद करायला गेले आणि दारातच थांबले. कुकर फुसफुसत होता. पाय पुढं जाईना. इतकी वर्षं बंद करतेय, पण त्या दिवशी वाटलं, आत काय चाललंय ते बाहेरून कुठं दिसतंय? बाहेर नीलक्का ओरडत होती, "झाल्या की गं तीन!" शेवटी चौथी शिट्टी झाली तेव्हा गेले. भात लगदा झाला. तिनं तो तसाच ताक घालून खाल्ला.

पाचव्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन आली. हातभर लांब धरला, आवाज मोठा केला, आणि लावला. मायलेकरं कन्नडात बोलतात, मला सगळं कळतं. तिनं पाऊसपाणी विचारलं नाही, जेवलास का विचारलं नाही. गाठ आहे, गुरुवारी कलबुर्गीला दाखवायचीय, येतोस का, एवढंच एका दमात बोलली आणि डोळे मिटून घेतले, जसे ती शिट्टीच्या आधी मिटते.

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग बसू म्हणाला, "अम्मा, आधी का नाही सांगितलंस? बघतो. जमलं तर हुमनाबादच्या स्टँडवर येतो. तिथनं सोबत जाऊ."

फोन ठेवला तर हिनं मला धरलं. "'बघतो' म्हणायच्या आधी थांबला का गं त्यो?"

"थांबला जरा."

"किती?"

"मी काय घड्याळ लावून बसलीय?"

"घाबरून थांबला, का सायबाला काय सांगू म्हणून थांबला?"

गुरुवारपर्यंत हेच. रजियाबीचं तोंड तिला समोर दिसतं. मुलाचं तोंड दोन दसऱ्यांत दिसलेलं नाही. आवाजावरून पान ओळखायला निघालेली ती.

गुरुवारी आम्ही हुमनाबादला उतरलो. बसू नव्हता. हैदराबादच्या दोन गाड्या येऊन गेल्या, दोन्हींतून उतरणारा माणूस न् माणूस तिनं बघितला. कलबुर्गीची एक बस तिनं सोडली. दुसरीही सोडायला लागली, तेव्हा मी तिचा दंड धरून तिला आत चढवलं. "डाक्टर काय तुझ्या लेकासाठी थांबत न्हाई," म्हटलं. जास्त बोलले असेन. मला त्या दवाखान्याची भीती वाटत होती आणि लवकर पोहोचून ती संपवायची होती.

तिघांची सीट मिळाली. खिडकीशी मी, मधे ती, आणि कडेच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. बस भरली. धोतरवाला एक म्हातारा दांडा धरून उभा होता. म्हणाला, "अक्का, पिशवी काढा की. तिला काय पाय दुखत्यात?"

"माणूस यायलाय," नीलक्का म्हणाली.

"कुठाय?"

"यायलाय म्हणलं न्हवं!" जी बाई पोस्टमनला भिते ती परक्या माणसावर ओरडली.

कंडक्टर आला. आमच्याकडं कर्नाटकात बायकांना बस फुकट. आधार कार्ड दाखवायचं, पैशाविना तिकीट मिळतं. त्यानं दोन तिकिटं फाडली. नीलक्कानं कनवटीची नोट काढली.

"आणि एक. गड्याचं."

कंडक्टरनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यानं तिसरं तिकीट दिलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बसूच होता. आवाज मोठाच राहिलेला, मला सगळं ऐकू येत होतं. साहेबानं सुट्टी दिली नाही. फार विनवलं. पुढच्या वेळी नक्की. रडका झाला होता आवाज त्याचा, ते खोटं नव्हतं.

नीलक्का ऐकत होती. मग हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं न्हाई आलास ते. बस पार भरलीया रे बाबा. बसायला तसूभर जागा न्हाई. तुझे निसते हाल झाले असते."

आणि बोलता बोलता दुसऱ्या हातानं तिनं कडेची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि त्या धोतरवाल्या म्हाताऱ्याला डोळ्यांनीच खूण केली, बसा.