विसाजीपंतांची जस्ती बॅटरी व मानाचा शेला

श्रीगजानन स्मरोन, शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं जे वर्तले ते लिहितो, कोणाची भीड धरीत नाही. राज्याचे नाव मात्र सांगत नाही, अब्रूचा प्रश्न आहे.

विसाजीपंत आठल्ये दिवेखान्याचे मुख्य. त्यांनी जस्त व मँगनीज यांची पुन्हा पुन्हा भरतां येणारी बॅटरी सिद्ध केली. दोहोंमध्ये कापडाचा पडदा लागे. दुहेरी घालितां आंत जागा कमी पडोन दिवा मंद जळे, म्हणोन पंतांनी दरबारी थाटाकरितां एकेरीच घातला, आणि दिवा ऐसा लखलखला की महाराजांनी खूष होऊन पंतांस शेला पांघरविला, आणि बॅटऱ्या गावोगाव गेल्या. मग कारखान्यांत एक बॅटरी बंद पडली, पंतांनी खोलोन पाहिली, तों भरतां भरतां जस्तास काटे फुटोन, पडदा भेदोन, मँगनीजास भिडले होते. एकेरी पडदा पुरत नाही हे पंत समजले, आणि शेला सावरोन गप्प राहिले. धन्य तो शेला! मग जागोजाग दिवे विझो लागले, आणि कारभारी बोलिले की रयतेस बॅटरी भरावयाची अक्कल नाही, आणि दोष रयतेचाच ऐसा हुकूम सुटला, तरी पंतांनी ब्र काढिला नाही.

मग नदीच्या तरीवरील नावाडीण भागी पागीण बंद दिवा घेवोन पंतांचे दारी आली. सांजवेळी भर पात्रांत दिवा विझोन तिची नाव खडकावर आपटली होती. उतारू वांचले, तिचा हात मोडला. ती बोलिली, "पंत, रागे भरू नका. भरतांना माझेच काही चुकले असेल. सरकारी जिन्नस माझ्या हातून नासला."

पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. तैसेच उठोन दरबारी गेले आणि शेला पायाशी ठेवोन बोलिले, "महाराज, रयत चुकली नाही. काटे मी पाहिले होते. या शेल्याकरितां गप्प बसलो."

महाराजांनीही मान खाली घातली, कारण हुकमावर शिक्का त्यांचाच. शेला परत घ्यावयास कोणी हात पुढे करीना. मग पंतांनी तो कारखान्यांत नेवोन फाडिला, दुहेरी पडदे केले, आणि पहिली बॅटरी स्वतां भागीस नेवोन दिली.

तिने पुसिले, "आतां कशी भरू?"

"जैशी पूर्वी भरीत होतीस, तैशीच," पंत बोलिले.

येकूण हकिकत इतकीच की दिवा पूर्वीसारखा लखलखत नाही, परंतु विझत नाही. पंत अद्यापि नदी ओलांडावयाची जाहली तर भागीची नजर चुकवोन लांबच्या पुलावरोन जातात.