विषय : यंत्रातील बिघाडाबाबत

खासदार पोम्पिलिऊ चेर्नात यांच्या मतदारसंघातील कार्यालयात दर सोमवारी दहा ते बारा या वेळात जनतेची गाऱ्हाणी ऐकून घेतली जातात. ऐकून घेण्याचे काम आग्लायाबाई करतात. साहेब स्वतः आठवडाभर बुखारेस्टला संसदेत असतात आणि शनिवार-रविवार लग्नात. आमच्या रुमानियात लग्नाला धर्मपिता लागतो, आणि तो खासदार असला तर दोन्ही घरची मिळून साठ-सत्तर मते त्या एकाच मांडवात पदरात पडतात. साहेबांनी आजवर एकेचाळीस जोडपी अशी मार्गी लावली होती. पुढे संसार कसा चालला आहे, हे विचारण्याचा रिवाज नाही.

त्यांतले सतरावे जोडपे विओरिका आणि नेकुलाय यांचे. विओरिका कोट शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि आग्लायाबाईंच्या अगदी डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत होती. नऊ नोव्हेंबरच्या संध्याकाळी नेकुलायने तिचा जबडा मोडला. इस्पितळ झाले, पोलीस झाले, कोर्ट झाले. कोर्टाने संरक्षण आदेश दिला की नेकुलायने तिच्यापासून दोनशे मीटर लांब राहावे. हे अंतर मोजायचे कुणी, याबाबत आदेशात मौन होते. हवालदार गाव्रिल यांच्याकडे एकच टेप होती आणि ती पाच मीटरची, त्यामुळे मोजणीची जबाबदारी ओघानेच अर्जदार महिलेकडे आली. नवरा दिसला की तिने अंतराचा अंदाज घ्यावा आणि चौकीला कळवावे. नेकुलाय इमारतीसमोरच्या बिअरच्या टपरीवर उभा राहू लागला. विओरिकाच्या मते टपरी एकशे चाळीस मीटरवर होती, नेकुलायच्या मते दोनशे दहा. गाव्रिल यांनी सरासरी काढून एकशे पंचाहत्तर अशी नोंद केली आणि उभयपक्षी थोडे थोडे सरकून घ्यावे असा सल्ला दिला.

यावर उपाय नव्हता असे नाही. मारकुट्या नवऱ्याच्या घोट्यात इलेक्ट्रॉनिक पट्टा अडकवायचा, तो हद्द ओलांडून आला की चौकीत घंटा वाजेल, असे विधेयक मार्चअखेर संसदेत यायचे होते. विओरिका दर सोमवारी दहाला कार्यालयात येई. जबड्याला तार बांधलेली होती तोवर ती लिहून विचारी आणि तार निघाल्यावर बोलून, पण प्रश्न एकच असे. साहेब मत देणार ना? आग्लायाबाई तो नोंदवहीत लिहून घेत आणि पोच देत.

याच सुमारास राजधानीतल्या एका महिला संघटनेला नसती उठाठेव सुचली. घरातली मारहाण रोखण्यासाठी आजवर जी पाच विधेयके आली, त्यांवर कोणत्या खासदाराने कसे मत दिले, याचा तक्ता तिने छापला. चेर्नात यांच्या नावापुढे पाचपैकी शून्य होते.

साहेबांना हा आकडा अन्यायकारक वाटला आणि त्यांनी फोनवरून आग्लायाबाईंना प्रत्येक शून्याची हकिगत सांगितली. पहिल्या विधेयकाच्या दिवशी ते मेंढीच्या चीजच्या जत्रेचे उद्घाटक होते. दुसऱ्याला ते स्वतः सभागृहात होते, पण त्या दिवशी संसदेतले हीटर बंद पडले होते. पक्षाचे गटनेते पहिल्या रांगेतून अंगठा वर किंवा खाली करतात आणि मागचे त्याबरहुकूम बटण दाबतात. गटनेत्यांनी थंडीमुळे दोन्ही हात खिशात घातल्यावर एकोणसाठ लोकप्रतिनिधींनी काय करायचे? तिसऱ्याला अंगठा खालीच होता, त्याला इलाज नव्हता. चौथे विधेयक मुद्दाम आठ मार्चला, महिला दिनी ठेवले होते. ऐन मतदानाच्या वेळी सगळे पुरुष खासदार बाहेर व्हरांड्यात महिला खासदारांना हायसिंथची फुले देत होते आणि महिला खासदार ती घेत होत्या. गणपूर्ती झाली नाही. "स्त्रियांचा सन्मान करायला गेलो आणि शून्य मिळालं," साहेब दुखावलेल्या आवाजात म्हणाले. पाचव्याचे त्यांना काही आठवत नव्हते, म्हणजे त्यात वाईट हेतू नव्हता हे उघड आहे.

एरवी ते हे विसरलेही असते. पण शेजारच्या मतदारसंघातल्या खासदाराला दोन मिळाले होते, आणि निवडणूक शरदात होती.

पट्ट्याच्या विधेयकाच्या दिवशी विओरिकाने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि आग्लायाबाईंसोबत कार्यालयातल्या टीव्हीसमोर बसली. साहेब पडद्यावर स्पष्ट दिसत होते. फोन कानाला होता. बेचाळिसाव्या लग्नात कोबीच्या पानांत गुंडाळलेले खिम्याचे रोल आधी वाढायचे की मासे, हा वाद विकोपाला गेला होता आणि धर्मपित्याच्या शब्दाशिवाय तो सुटणार नव्हता. घंटा झाली. अंगठा, नवल म्हणजे, वर होता. साहेबांनी तोंडावर हात धरून रोल आधी असा निर्णय दिला, आणि तेवढ्यात मतदान संपले. अशा विधेयकाला एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते लागतात; एक मत कमी पडले आणि विधेयक पडले.

रोल आधी ठरले, असा लग्नघरचा फोन लगेच कार्यालयातही आला. विओरिका उठली, कोटाची बटणे लावली. "ताई, मासे आवडत नाहीत वाटतं त्यांना," एवढेच ती म्हणाली.

साहेबांच्या मनाला ही गोष्ट लागली. वर्तमानपत्रात फोनसकट फोटो आला म्हणून जास्तच. तेव्हा संसदेतल्या एका जुन्या कारकुनाने त्यांना नियम दाखवला की ज्या सदस्याचे मतदानयंत्र बिघडले असेल, त्याने तसे लेखी कळवल्यास त्याचे मत त्याच्या इच्छेप्रमाणे नोंदवले जाते. निकालात फरक पडत नाही. निकाल यंत्राप्रमाणे, नोंद इच्छेप्रमाणे. साहेबांनी तत्काळ लिहून दिले की दिनांक अमुक रोजी मी उपस्थित होतो, मत अनुकूल देण्याचाच माझा हेतू होता, परंतु यंत्रात बिघाड झाला. सबब नोंद दुरुस्त व्हावी.

दुसऱ्या दिवशी आणखी साठ सदस्यांना आपापल्या यंत्रातला बिघाड आठवला. आठवडाअखेर नोंदीप्रमाणे विधेयक दोनशे एकतीस विरुद्ध एकोणचाळीस अशा प्रचंड बहुमताने पडलेले होते. हे जरा विचित्र दिसते, अशी शंका कुणीतरी काढली. त्यावर सभापतींनी निर्णय दिला की विधेयक पडले ही वस्तुस्थिती आहे आणि सभागृह त्याच्या बाजूने आहे हा इतिहास आहे. दोहोंची गल्लत करू नये.

नियमात मुदत नव्हती. म्हणून साहेबांनी मागची पाचही दुरुस्त करून घेतली, चीजच्या जत्रेतल्या गैरहजेरीसह. ते बसलेच नव्हते त्या आसनावरचे यंत्रही बिघडलेले निघाले. सहापैकी सहा. महिला संघटनेला आपलाच तक्ता बदलून छापावा लागला आणि गटनेत्यांच्या हस्ते साहेबांना काचेचे मानचिन्ह मिळाले. पत्राच्या कोऱ्या नमुन्याचे पाचशे कागद साहेबांनी छापून घेतले आणि पुढेमागे लागतील म्हणून आग्लायाबाईंच्या कपाटात ठेवले.

एप्रिलमधल्या एका सोमवारी, बरोबर दहाला, नेकुलाय आला. दाढी केलेली, हातात घरच्या आलुबुखाराच्या दारूची बाटली.

"ताई, साहेबांनी भरलं तो फॉर्म मलाही द्या."

"तो खासदारांसाठी असतो."

"असं कसं? पेपरात वाचलं मी. हेतू चांगला असला आणि यंत्र बिघडलं तर लिहून द्यायचं. माझाही हेतू चांगलाच होता की."

"आणि यंत्र कुठलं बिघडलं तुझं, मेल्या?"

नेकुलायने आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि दोघांनीही त्याच्याकडे पाहिले.

साहेब नक्की नाही म्हणतील या भरवशावर आग्लायाबाईंनी बुखारेस्टला फोन लावला. साहेबांनी गांभीर्याने विचार केला. कायद्यापुढे सगळे समान आहेत. खासदाराला एक न्याय आणि मतदाराला दुसरा, हे लोकशाहीत बसत नाही. शिवाय नेकुलायच्या घरची अकरा मते होती आणि तो त्यांचा धर्मपुत्र होता. "द्या त्याला," साहेब म्हणाले, "आणि आपला शिक्काही मारा, बिचाऱ्याला चौकीत त्रास नको."

नेकुलायने तिथेच बसून, ओठांतून जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जपून लिहिले. दिनांक नऊ नोव्हेंबर रोजी मी उपस्थित होतो. न मारण्याचाच माझा हेतू होता. परंतु हातात बिघाड झाल्याने तो नोंदला गेला नाही. सबब नोंद दुरुस्त व्हावी. आग्लायाबाईंनी शिक्का मारला. शिक्का मारण्याचेच त्यांना वेतन मिळते.

हवालदार गाव्रिल यांनी कागद उलटसुलट पाहिला. खासदाराचा शिक्का आणि विहित नमुना असल्याने नाकारायला जागा नव्हती. त्यांनी नोंद दुरुस्त केली. कोर्टाकडे कागद गेला तेव्हा कोर्टाच्या असे निदर्शनास आले की मारहाणीची नोंदच नाही, तर आदेश उभा आहे कशावर? आदेश मागे घेण्यात आला. मात्र जबडा मोडला ही वस्तुस्थिती असल्याचे कोर्टाने खुल्या मनाने मान्य केले.

त्याच दिवशी दुपारी नेकुलाय टपरीवरून उठला आणि शून्य मीटरवर आला. कुलूप बदललेले होते. तो दारावर लाथा मारत राहिला आणि संध्याकाळी जाताना जिन्यात म्हणून गेला की घाई नाही, फॉर्म भरपूर आहेत.

पुढच्या सोमवारी विओरिका आली ती बसलीच नाही.

"ताई, मलाही एक द्या."

"तू काय दुरुस्त करणार गं बाई?"

"हजेरी. नऊ नोव्हेंबरला मी घरात नव्हते असं लिहिते. निदान हाडाला तरी बरं वाटेल."

आग्लायाबाईंनी तिला फॉर्म भरून दिला, शिक्का मारला, आणि चौकीपर्यंत सोबतही गेल्या. गाव्रिल यांनी दोन दिवस अभ्यास करून तो परत केला. एकाच घटनेची दुरुस्ती दोन्ही बाजूंनी करता येत नाही, असा शेरा होता. पत्नी गैरहजर होती असे धरले, तर पतीने कुणाला न मारण्याचा हेतू बाळगला होता, हा पेच निर्माण होतो आणि पतीची आधीची दुरुस्ती बाधित होते. गाव्रिल माणूस वाईट नव्हे. त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "पोरी, तुझं इटलीत कुणी नाही का?"

सगळ्यांचे असते तसे तिचेही होते. बोलोन्याजवळ एक मावसबहीण म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करत होती. शनिवारी सकाळी चर्चसमोरून इटलीची पांढरी मिनीबस सुटते, तिच्यात विओरिका एक बॅग आणि शिवणाची कात्री घेऊन बसली. आग्लायाबाईंनी वाटेत खायला उकडलेली अंडी आणि चीज बांधून दिले. बस हलू लागली. मग विओरिका खिडकीतून म्हणाली, "ताई, तुमच्याकडे त्या संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम फार मोठ्यानं लागला होता." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. बस गेली.

जिल्ह्याच्या अहवालात घरगुती हिंसाचाराची प्रकरणे एकाने घटली. साहेबांनी आपल्या भाषणात या घटीचा उल्लेख केला आणि टाळ्या पडल्या.

इथे खरे तर प्रकरण संपायचे. पण विओरिकाचे सोडून त्या जिन्यावर बारा बिऱ्हाडे आहेत आणि माणसाला मन असते. सोमवारी पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. नऊ नोव्हेंबरला त्यांनी सगळे ऐकले होते, चौकीला फोन करण्याचा पक्का हेतू होता, परंतु फोन चार्जिंगला होता. आग्लायाबाईंनी फॉर्म दिला. मग चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी नेमकी त्या वेळी गेली होती, ती गेल्याचे त्यांना किंकाळी ऐकून कळले. एका बिऱ्हाडाचा दरवाजा फुगून बसला होता. एका कुटुंबाने पाच जणांत मिळून एकच फॉर्म चालेल का असे विचारले. महिनाभरात अकरा बिऱ्हाडांची नोंद स्वच्छ झाली. नोंदीप्रमाणे त्या संध्याकाळी विओरिकाच्या दाराशी सत्तावीस माणसे धावून गेली होती आणि जिन्यावर उभे राहायला जागा नव्हती.

बारावे बिऱ्हाड आग्लायाबाईंचे. त्यांनी एका दुपारी कार्यालयाचे दार आतून लावले आणि फॉर्म समोर घेतला. नाव लिहिले. तारीख लिहिली. 'बिघाड कोणत्या यंत्रात झाला' या रकान्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. फोन हाताशी होता. कान चांगले होते. टीव्हीच्या आवाजाचे बटण उत्तम चालत होते. ते त्यांनीच दाबले होते. शेवटी त्यांनी लिहिले : 'बिघाड नव्हता.'

चौकीतून फॉर्म परत आला. असे कारण ग्राह्य धरता येत नाही, आजवर कुणीही दिलेले नाही, असा शेरा होता. साहेबांनीही फोन करून समजावले की बाई, काहीतरी लिहा, एका कागदामुळे सगळ्या जिन्याची नोंद खराब दिसते. आग्लायाबाईंनी तोच फॉर्म, त्याच शब्दांत, पुन्हा पाठवला. तो पुन्हा परत आला. त्या पुन्हा पाठवतात. दर सोमवारी, दहा ते बारा.

बाकी पाचशेतले चारशेहून अधिक कागद अजून शिल्लक आहेत. शिक्का मारून ठेवलेले आहेत आणि परगावच्या लोकांनाही टपालाने मिळतात. भिंत कोणती, पलीकडे कोण राहते, हे विचारले जात नाही. बिघाडासाठी तयार यादी सोबत जोडलेली आहे. तारीख मात्र तुम्हाला स्वतःच्या हाताने घालावी लागेल. ती कार्यालयाला माहीत नाही, तुम्हाला आहे.