जावयाचं ऑपरेशन

तू आधी तो मोबाइल उलटा ठेव, तोंडातला घास गिळ आणि नुसतं ऐक. मधे हसलीस तर मी सांगायची थांबेन, कारण दीक्षाचं लग्न खरंच मोडायला आलं होतं. तेही एका सशापायी!

दीक्षा गजभिये गं, मानेवाड्याची, शाळेत कॉम्प्युटर शिकवते ती. आईवडिलांची एकुलती एक पोरगी. हे एकुलती एक नीट लक्षात ठेव. तर तिनं सात-आठ महिन्यांपूर्वी सशाचं पिल्लू आणलं, पांढरंशुभ्र, एक कान तेवढा तपकिरी. आल्या आल्या ते उडी मारून दिवाणावर बसलं, समोर धरलेलं गाजर नुसतं हुंगलं आणि भिंतीकडे तोंड करून रुसलं. तिचे बाबा ताराचंदजी, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "हा तं जावईच हाय! बसाले दिवाण पाहिजे, खाले आयतं पाहिजे, अन् वरून रुसून राहिला."

झालं. ससा त्या दिवसापासून जावई.

तेव्हा कोणाला काय माहीत पुढं काय होणार! मग दीक्षाचं जमलं जरीपटक्याच्या संघपालशी. बुटीबोरीला कारखान्यात इंजिनियर, हसरा, कमी बोलणारा. दीक्षाला असा आवडला की सांगायची सोय नाही. तिनं त्याला सशाचा फोटो पाठवला, त्यानं विचारलं, नाव काय? आता होणाऱ्या नवऱ्याला कसं सांगायचं की आमच्या घरी जावई आधीच आहे? तिनं पटकन लिहिलं, 'बन्नी'. घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली. आठवडाभर सगळ्यांनी बन्नी-बन्नी करून पाहिलं, ससा पाठ फिरवून बसला. पण "जावई!" म्हटलं की न्हाणीतनं टणाटण उड्या मारत हजर.

तोवर जावई वयात आला. दीक्षाची आई पंचफुलाबाई पोळ्या लाटायला उभी राहिली की तिच्या पायाभोवती घूं-घूं करत फेऱ्या घालायचा. सोफ्यावर फवारा, दारावर फवारा, ताराचंदजींच्या चपलेत तर रोजचाच. आणि एके दिवशी त्यानं फवारा मारला तो थेट साक्षगंधाच्या नव्या साडीवर.

"आता या घरात एक तं हा राहीन, नाही तं मी!" पंचफुलाबाई कडाडल्या.

"तू कुठं जाशील वं?" ताराचंदजींनी अगदी काळजीनं विचारलं.

साक्षगंध पंधरा दिवसांवर, अंगठ्या घालायचं सगळं घरीच. पाहुण्यांसमोर यानं कोणाच्या पायाला वेढा घातला तर? म्हणून दीक्षानं धंतोलीतली जनावरांची डॉक्टर शोधली. डॉक्टर मिनल, नुकतीच पुण्याकडून आलेली, तरणीताठी. तिनं फाइल उघडली.

"पेशंटचं नाव?"

"जावई."

"नातं नाही, नाव विचारलं."

"नावच हाय ते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "जावई गजभिये लिहा."

डॉक्टरनं लिहिलं, आणि मग बोटांवर मोजून चार गोष्टी सांगितल्या. सशाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नाही. नंतर लवकरात लवकर त्यानं खाल्लं पाहिजे आणि लेंडी टाकली पाहिजे, नाही तर जिवावर बेततं. टाके चाटू द्यायचे नाहीत. आणि नसबंदी झाली तरी दीड महिना मादीच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही, तोवर भरवसा नाही. दीक्षानं सगळं वहीत लिहून घेतलं. चौथी गोष्ट लिहिताना तिला हसू आलं. मादी आणायची कुठून?

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. बुधवारी संध्याकाळी जयवंताबाईंचा फोन आला. जयवंताबाई म्हणजे संघपालची आत्या, महाल भागात राहतात, सोयरीक त्यांनीच जुळवलेली. अंगठीचं माप विचारलं, पाहुणे किती ते विचारलं, ठेवते म्हणाल्या. पंचफुलाबाईंचे हात कणकेत. त्यांनी कोपरानं फोन पिठाच्या डब्यावर सरकवला. कट काही झाला नाही. आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं.

"अहो, जावयाचं ताट काहून उचललं तुमी?"

"उद्या ऑपरेशन हाय ना त्याचं. उपाशी पाहिजे."

"बाबा, डॉक्टर बाईनं दहादा सांगतलं, त्याले उपाशी नाही ठेवाचं!" दीक्षा ओरडली.

"मले हर्नियाच्या वेळी रातभर पाणी नव्हतं देल्लं."

"तुमचा हर्निया होता, जावयाची नसबंदी हाय!" पंचफुलाबाई म्हणाल्या. "सकाळी सात वाजता धंतोलीले पोचाचं. साक्षगंधाच्या आधी उरकलं म्हणजे बरं. नाही तं बाई दिसली का लागला तिच्या पायाले."

"अन् आई, संघपालले यातलं काही बोलू नको हं," दीक्षा म्हणाली. "मी त्याले दुसरंच सांगून ठेवलं हाय."

महालात जयवंताबाई अकरा मिनिटं श्वास रोखून ऐकत होत्या. कणीक भिजून झाली, इकडे फोन कट झाला, तिकडे त्यांनी लगेच भावाला लावला. नत्थूजींना, म्हणजे संघपालच्या वडिलांना.

"दादा, त्यायच्या घरी जावई हाय."

"असणारच ना वं. आपला संघपाल."

"आपला नाही गा, दुसरा! उद्या धंतोलीत ऑपरेशन हाय त्याचं."

"कशाचं?"

जयवंताबाईंनी हळू आवाजात सांगितलं. नत्थूजी उभे होते ते खाली बसले. मग म्हणाले, "एकुलती एक पोट्टी हाय म्हणे. मंग हा जावई कोणाचा?"

आता बघ, धंतोली म्हटलं की आपल्याकडे माणसाचंच हॉस्पिटल डोक्यात येतं. अख्खा विदर्भ तिथं भरती होतो. ससाही होत असेल हे कोणाला सुचणार?

गुरुवारी ऑपरेशन झालं, छान झालं. घरी सोडताना डॉक्टर मिनलनं विचारलं, "एरवी खायला काय देता?"

"गवत, पालक," पंचफुलाबाई म्हणाल्या, "अन् दोन टाइम सांबार. सांबाराबिगर त्याचं पान हालत नाही."

"सांबार?" डॉक्टर ताडकन उभी राहिली. "सशाला? किती दिवसांपासून?"

"लहानपणापासून."

"आजपासून सांबार बंद! एक थेंबसुद्धा नाही!"

आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हे त्या पुण्याच्या पोरीला काय ठाऊक? तिच्या डोळ्यांपुढे इडलीची वाटी. ऑटोत बसल्यावर ताराचंदजी म्हणालेसुद्धा, "सांबाराचा थेंब कसा असते वं?" पंचफुलाबाई म्हणाल्या, "मोठ्या शिकल्या हायेत त्या. तुमी गप बसा."

आणि शुक्रवारी जावयानं तोंड मिटलं. पालक नको. गवत नको. गाजराकडे पाठ. लहान बाळाचं झबलं घातलेलं, टाके चाटू नये म्हणून, आणि हे ध्यान कोपऱ्यात डोळे अर्धे मिटून बसलेलं. लेंडीचा पत्ता नाही. दीक्षाचा चेहरा उतरला. तिनं डॉक्टरला फोन केला, तर डॉक्टर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही तर सरळ घेऊन या. वेळ घालवू नका." दीक्षा रडायलाच लागली गं. ससा मरतो की काय!

नेमका तेव्हा संघपालचा मेसेज आला. रात्रपाळी करून घरी गेला तर वडील आणि आत्या तोंड पाडून बसलेले. त्यांच्याकडून सगळं कळल्यावर त्यानं लिहिलं, 'तू माझ्यापासून काही लपवून राहिली काय?' दीक्षानं रडत रडत लिहिलं, 'आता नको प्लीज. काल हॉस्पिटलात होतो, हालत खराब आहे त्याची. नंतर सगळं सांगते.'

'त्याची'! तासाभरात तिघं मानेवाड्यात. नत्थूजी भांडायच्या तयारीनं, संघपाल न झोपलेला, आणि जयवंताबाई सकाळी बाजारातनं भावाकडे आल्या होत्या तशाच, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात चार डाळिंबं. नत्थूजींनी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "भांडाले चाललो तरी पेशंटच्या घरी रिकाम्या हातानं कसं जाचं गा?"

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत कोणी नाही. आतल्या खोलीला पडदा, आणि पडद्यामागून आवाज.

"जावई, खा रे बापा. एक घास. दीक्षासाठी खा."

नत्थूजींनी संघपालकडे पाहिलं. संघपालनं जमिनीकडे.

"शी झाली काय त्याले?" ताराचंदजींचा आवाज.

"कालपासून नाही. पोट चोळून पाहा तुमी."

"अवं पाह्य, पाह्य! टाके चाटून राहिला!"

जयवंताबाईंच्या हातातलं एक डाळिंब घरंगळत गेलं. "टाके..." त्या पुटपुटल्या, "चाटून राहिला? दादा, कसा माणूस हाय हा?"

नत्थूजींना आता राहवलं नाही. त्यांनी सरकन पडदा ओढला आणि गरजले, "कुठं हाय तो तुमचा जावई?"

आत गजभिये कुटुंब जमिनीवर. ताराचंदजींच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलात झबलं, झबल्यात ससा. एक कान तपकिरी.

"जय भीम," ताराचंदजी उठताही येईना म्हणून बसल्या बसल्या म्हणाले. "हा काय. जावई."

मग संघपाल बोलला. "हा तं बन्नी हाय."

दीक्षानं डोळे पुसले. "नाही. जावईच नाव हाय त्याचं. तुले कसं सांगाचं होतं मी? तू हसला असता."

"मी सकाळपासून काय काय विचार केला, माहीत हाय तुले?" संघपाल म्हणाला. "हसलो असतो तं बरं झालं असतं!"

लग्न राहतं की जातं, ससा राहतो की जातो, दोन्ही एकाच खोलीत लोंबकळत होतं. आणि तेवढ्यात कुरकुर आवाज आला. कुरुम कुरुम कुरुम.

सगळ्यांनी खाली पाहिलं. जावई टॉवेलातून उतरला होता, झबलं ओढत ओढत जयवंताबाईंच्या पिशवीपर्यंत पोचला होता, आणि पिशवीतून डोकावणारी सांबाराची जुडी मुळासकट खात होता.

"अवं, सांबार नको देऊ! डॉक्टरनं बंद केला!" पंचफुलाबाई धावल्या.

"सांबार काहून बंद करीन डॉक्टर?" संघपाल म्हणाला. "कुठली हाय ती?"

"पुण्याकडची."

संघपालनं कपाळावर हात मारला. मग त्यानं दीक्षाच्याच फोनवरून डॉक्टरला लावला. "मॅडम, सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात." पलीकडून एवढी मोठी किंकाळी, "मग द्या ना! हवी तेवढी द्या! मी कालपासून विचार करतेय, हा ससा जगला कसा!"

नत्थूजी पहिल्यांदा हसले. मग जे हसायला लागले ते भिंत धरून. संघपालनं हसायचं नाही ठरवलं होतं, पण दीक्षाकडे पाहिलं आणि त्याचाही बांध फुटला.

चहा झाला, डाळिंबं सोलली. अर्ध्या तासानं आतून ताराचंदजींची आरोळी आली, "झाली! झाली!" तळहातावर एक काळी गोल लेंडी मोत्यासारखी धरून ते बाहेर आले. सगळ्यांनी उठून पाहिली. नत्थूजींनी चष्मा लावून पाहिली. जयवंताबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "माह्या सांबारानं झाली!"

निघताना संघपाल म्हणाला, "म्हणजे मी या घरचा दुसरा जावई."

"हो," ताराचंदजी म्हणाले. "पण तुमचं ऑपरेशन नाही."

इथं संपलं असतं तर मी तुला बोलावलं असतं का? ऐक पुढे. साक्षगंध झालं, मोठ्या थाटात. आणि संघपालनं काय आणावं दीक्षासाठी? अंगठी तर होतीच, वर भोकं पाडलेलं खोकं. खोक्यात करडी सशीण. दीक्षाच्या डोळ्यांत पाणी, पण वहीतली चौथी गोष्ट आठवली म्हणून तिनं सशिणीला लगेच वेगळ्या खोलीत ठेवलं, कडी लावली, सगळ्यांना बजावलं. सगळ्यांना म्हणजे जयवंताबाई सोडून, कारण त्या तेव्हा वाढायला गेल्या होत्या. त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं ना, आपण या मुक्या जिवाबद्दल काय काय बोललो! जेवणं आटोपल्यावर त्यांनी हळूच कडी काढली. "बिचाऱ्याले सोबत होईन," म्हणाल्या. दहा मिनिटंच गं. दहा मिनिटं!

बरोब्बर एकतीस दिवसांनी, लग्नाला बारा दिवस उरलेले असताना, पंचफुलाबाईंनी आनंदाच्या भरात जयवंताबाईंना फोन लावला. जयवंताबाई तेव्हा होत्या उमरेडला, पत्रिका द्यायला, घराण्यातले सगळ्यात वडीलधारे मनोहरराव यांच्यासमोर. म्हातारा कडक, शब्दाचा पक्का, कमी ऐकू येणारा. हातात पत्रिका, 'आयु. दीक्षा' या नावावर बोट. त्यांनाही ऐकू यावं म्हणून जयवंताबाईंनी कौतुकानं फोन स्पीकरवर टाकला, आणि पंचफुलाबाई खोलीभर दणाणल्या,

"जयवंताबाई, जावयाले सहा पोरं झाले वं! नसबंदी करून! अन् हे सगळं तुमच्यामुळं!"

मनोहररावांनी पत्रिकेवरचं बोट उचललं, चष्मा काढला, आणि जयवंताबाईंकडे पाहिलं.

आता तू सांग. तू असतीस तिथं तर काय केलं असतंस? आधी फोन कट केला असतास, की आधी म्हाताऱ्याला पाणी दिलं असतंस?