पगारेकाकांचा मास्टर पीस

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता इंदिरानगरातल्या एका तपासणी केंद्रात रमेश पगारे, वय अडुसष्ट, यांनी स्वतःच्या रक्तवाहिन्यांचा अहवाल 'रिजेक्ट' असा शेरा मारून परत केला. शेरा लाल पेनाने होता. खाली सही होती.

पगारेकाका आमचे शेजारी. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं रबरी होजपाईप तपासले. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. सोसायटीच्या बागेतला पाईप ते येता-जाता चिमटीत दाबतात. दबून परत फुगला तर पुढे जातात, नाही फुगला तर सेक्रेटरीला निरोप जातो. 'आज उकाडा फार आहे' असं कोणी म्हटलं की ते विचारतात, "मोजलाय का?" माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी जिलबीचे तीन नमुने ताटात बाजूला काढले होते. एक नापास झाला. तोही त्यांनी खाल्ला.

मोजून घ्यायला एकच माणूस तयार नव्हतं. त्यांच्या पत्नी शकुंतलाकाकू दुसऱ्या मजल्यावर येताना दम लागून दोनदा थांबतात. थोरली बहीण हृदयविकाराने गेल्यापासून त्यांनी डॉक्टरची पायरी चढलेली नाही. "तपासलं की काहीतरी निघतंच," एवढंच म्हणतात. काकांनी विनवण्या केल्या, मग अबोला धरला. अबोला काकूंना मानवला. चौथ्या दिवशी काकांनीच तो मोडला आणि ते एकटे तपासणीला गेले.

तिथे उपाशीपोटी जावं लागतं, चहासुद्धा चालत नाही. हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवतात, मग सोडतात. धमनीचं आतलं अस्तर ठणठणीत असेल तर ती झटकन रुंदावते, ते पडद्यावर दिसतं. नंतर मानेशी आणि मांडीशी सेन्सर लावून नाडीची लाट किती वेगाने जाते ते मोजतात.

"कडक पाईपात धक्का लवकर पोचतो," काकांनी टेक्निशियन गावित मॅडमना समजावलं. "आम्ही पण हेच करायचो. फक्त आमचे पाईप चहा मागायचे नाहीत."

त्यानंतर तो लाल शेरा. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "यंत्र चुकतंय."

"मग परत जाऊ नका," काकू म्हणाल्या.

"असं कसं? मास्टर पीस लावून बघावं लागेल."

ज्याचं माप आधीच पक्कं ठाऊक आहे असा तुकडा कारखान्यात यंत्राला लावून बघतात. यंत्राने तेच माप दाखवलं तर यंत्र खरं. त्याला मास्टर पीस म्हणतात.

"तू चल," काका म्हणाले.

"माझं माप कोणाला ठाऊक आहे?"

"एकेचाळीस वर्षं बघतोय. पाठ आहे."

"मग लिहून द्या त्यांना."

"शकू, यंत्राला लिहिलेलं वाचता येत नाही."

गुरुवारी मी दोघांना गाडीने घेऊन गेलो. "मी तपासून घ्यायला नाही, यंत्र तपासायला आलेय," असं काकूंनी गावित मॅडमना दोनदा बजावलं. मॅडमनी दोनदा मान डोलावली. पट्टा आवळला गेला.

"हलू नको, रीडिंग बिघडेल," पडद्याबाहेरून काका.

"बोलण्यानंही बिघडतं म्हणतायत. गप्प बसा."

पाच मिनिटांनी पट्टा सुटला. काकूंची धमनी जेमतेम रुंदावली. लाटेचा वेगही जास्त निघाला. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तोही वाढलेला होता. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले.

"यंत्र बरोबर आहे," काका म्हणाले आणि बाकावर बसले. काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

निघताना गावित मॅडमनी काकांचा परत केलेला अहवाल माझ्या हातात दिला. लाल शेऱ्याच्या वर छापलं होतं: धमनीचं रुंदावणं उत्तम, वाहिन्यांचं वय प्रत्यक्ष वयापेक्षा सात वर्षांनी कमी.

मी मॅडमकडे पाहिलं.

"सोमवारीच सरांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाले, उद्या अहवाल कसाही येऊ दे, मी भांडणार आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

फोनची नोंद केंद्राच्या रजिस्टरमध्ये आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे, 'मिसेसना आणायचं आहे.'