टाचणीचे दात

"मांजर ते मांजर! वाघ आहे का? बघच तू, आठ दिवसांत सुतासारखी सरळ करतो!"

मास्तरांनी ही गर्जना केली तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटावर दोन पट्ट्या होत्या, उजव्या अंगठ्यावर तिसरी होती आणि चौथी मास्तरीणबाई चिकटवत होत्या. तसं पाहिलं तर शिंप्याला टोचण्याचं काय कौतुक? तीस वर्षं सुया टोचून घेतलेला हात तो! पण सुई टोचून झाल्यावर कपाटावर चढून बसत नाही, आणि वरून आपल्याकडे बघत मिशाही पुसत नाही. टाचणी नेमकं तेच करायची.

टाचणी म्हणजे मांजर. दोन वर्षांपूर्वी लेकीनं तिला मुठीएवढं पिल्लू असताना घरी आणलं. "बाबा, हिचे दात बघा, अगदी टाचण्या!" असं म्हणाली आणि नाव पडलं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. टाचणी दोन्हीकडची मालकीण होती. तीन महिन्यांपूर्वी लेक नर्सिंग शिकायला दुसऱ्या गावी गेली. बसमध्ये चढता चढता तिनं मास्तरांच्या हातात एक घडी केलेला कागद ठेवला.

"बाबा, टाचणीबद्दल सगळं लिहिलंय. नीट वाचा हं!"

"अगं, एक मांजर सांभाळायला कागद कशाला? शंभर गिऱ्हाइकं सांभाळतो मी! तू परत येशील तेव्हा तुझी टाचणी जशीच्या तशी तुझ्या मांडीवर ठेवीन. शब्द दिला!"

बस सुटली. लेक खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती, आणि मास्तर मात्र डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगत राहिले. दुकानात आल्यावर त्यांनी तो कागद शिलाई मशीनच्या खणात टाकला आणि कामाला लागले.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मास्तर जेवायला वाकले आणि खसकन्! हातावर चार लाल ठिपके. मग रोजचंच झालं. मास्तर बूट घालायला वाकले की चावा! पडलेलं बटण उचललं की चावा! बरं, मास्तरीणबाईंना मात्र एकदाही नाही. त्यांच्या पायात ती लोळायची.

"तिचा माझ्यावर खास राग आहे," मास्तर म्हणाले.

"मग मला का नाही चावत?"

"तू दूध देतेस. लाच आहे ती!"

त्यात भर म्हणजे मास्तरांची मापाची टेप कुणीतरी टोकाला कुरतडली होती. "बघ, उंदीर झालेत दुकानात!" मास्तर कडाडले. "आणि ही बया उंदीर सोडून मला धरते! खाल्ल्या मिठाला तरी जागावं माणसानं... मांजरानं!"

तर, सुतासारखं सरळ करण्याची मोहीम सुरू झाली. आधी मास्तरांनी शिस्त लावून पाहिली. चावली की मोठ्यांदा ओरडायचं आणि नाकावर टिचकी मारायची. टाचणीला वाटलं, आता कुठे रंगत आली! तिनं दोन्ही पंज्यांनी टिचकी मारणारं बोट पकडलं आणि मागच्या पायांनी वर लाथाही घातल्या. मग इस्त्रीच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली आली. टाचणी टेबलाखाली, मास्तर तिच्यामागे, फवारा चालूच! टाचणीच्या शेपटीला थेंब लागला नाही, पण एका गिऱ्हाईक शिक्षकबाईंचा नुकताच इस्त्री केलेला रेशमी ब्लाउज चिंब भिजला. त्यानंतर मास्तरांनी जाड कॅनव्हासच्या चार थरांच्या, कोपरापर्यंत येणाऱ्या बाह्या शिवल्या आणि घरात त्या घालून हिंडू लागले. "आता चाव!" म्हणत त्यांनी स्वतःच हात पुढे करून तिला चेव आणला. टाचणीला ते इतकं आवडलं की पडद्याआडून ती हातावर झडप घालायची तालीमच करू लागली. बाह्या काढल्या, तरी तालीम चालूच राहिली!

"अहो, तुम्हीच तिला पैलवान केलंत," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या दारामागच्या चिंधी बांधलेल्या काठीनं छताची जाळी काढत होत्या आणि टाचणी काठीखाली उड्या मारत होती.

शेवटचा उपाय मास्तरांना पहाटे सुचला. मांजराच्या तोंडाला मुसकं शिवायचं! मऊ फ्लॅनेलचं, मागे बांधायला बंद असलेलं. कल्पना झकास होती, पण शिवायचं म्हणजे माप हवं. मास्तरांनी गळ्यातली टेप उतरवली, झोपलेल्या टाचणीच्या नाकापासून कानापर्यंत हलकेच धरली, आणि पुढे काय झालं ते मास्तरांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरीणबाईंनी सकाळी एवढंच पाहिलं की नवऱ्याच्या नाकावर पट्टी आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण गुरुवारी बँकेचे मॅनेजरसाहेब आले. साहेब निवृत्त होत होते, निरोप समारंभाला नवा सूट हवा होता. छातीचं माप देताना ते श्वास रोखायचे आणि पोटाचं माप देताना तर श्वास घ्यायचंच विसरायचे.

मास्तरांची माप लिहायची पद्धत सोपी होती. हाताला लागेल तो कागद घ्यायचा, पाठकोऱ्या बाजूवर माप लिहायचं आणि मशीनसमोरच्या फळीवर टाचून ठेवायचा. त्यांनी खणातून एक कागद ओढला. छाती लिहिली, बाही लिहिली. मग टेप साहेबांच्या कमरेभोवती नेली. टेपचं उरलेलं टोक साहेबांच्या मागे लोंबू लागलं, झुलू लागलं. पडदा हलला.

"बेचाळीस..." मास्तर म्हणाले.

"चाळीस लिहा हो, मी कमी करणार आहे," साहेब म्हणाले, आणि लगेच "आईऽऽऽ गं!" असं ओरडले.

बँकेत तीस वर्षं कुणी साहेबांचा चढा आवाज ऐकला नव्हता. आता तो समोरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला. साहेब एका उडीत कापडं बेतायच्या टेबलावर चढले. टाचणी त्यांच्या बसायच्या जागेला लटकलेली होती, ती खाली पडली आणि टेपचं टोक तोंडात घेऊन पळाली. टेपबरोबर मास्तर ओढले गेले, मास्तरांबरोबर खुर्ची गेली, आणि खुर्चीबरोबर बटणांचे तीन डबे! दुकानभर बटणंच बटणं. न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट दारात येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही," टेबलावरून साहेब मोठ्या अदबीनं म्हणाले. "माप चालू आहे."

त्या संध्याकाळी मास्तरीणबाईंनी निकाल दिला. इंजेक्शन घ्यायला साहेबांना दवाखान्यात त्याच घेऊन गेल्या होत्या, तिथून आल्यापासून त्यांचा आवाज अगदी थंड होता आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

"हे बघा, पोरगी यायला पंधरा दिवस आहेत. त्याआधी अजून एक चावा, एकच, की टाचणी पिठाच्या गिरणीत! गिरणीवाल्यांना उंदरांसाठी मांजर हवंच आहे. मी त्यांना शब्द दिलाय."

"गिरणीत? त्या धुरळ्यात? साखळीला बांधून ठेवतात तिथे!"

"मग काय करू? आज साहेब निघाले सभ्य. उद्या कुणाचं लहान मूल आलं आणि त्याला चावली तर?"

ते खरंच होतं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही. लेक दारातून येणार, "टाचणीऽ" म्हणून हाक मारणार आणि आपण काय सांगणार? तुझ्या बापाला एक मांजर सांभाळता आलं नाही? टाचणी कपाटावरून बघत होती. मास्तरांनी वर पाहिलं. "अगं बाई, का गं अशी करतेस?" त्यांचा आवाज इतका रडवेला झाला की मास्तरीणबाईंनी मुकाट्यानं दुसऱ्या दिवशीसाठी जनावरांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. टाचणी टोपलीतून निघाली आणि टेबलावर अशी गरीब गाईसारखी बसली की मास्तरांचीच शोभा झाली. डॉक्टरांनी दात पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. कुठे दुखणं नाही, खुपणं नाही. बोट तोंडात घातलं तरी ती ढिम्म!

"छान आहे की तब्येत. चावते कुणाला?"

"मला! फक्त मला आणि गिऱ्हाइकांना! ही तुमच्यासमोर सोंग करतेय. थांबा, दाखवतो," असं म्हणून मास्तर टेबलावर वाकले.

खसकन्!

"पाहिलंत? पाहिलंत?" मास्तर एका हातानं दुसरा हात धरून नाचत होते, पण चेहऱ्यावर विजय होता.

"पाहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "ती टेप काढून त्या खुंटीला अडकवता का?"

"कुठली टेप?"

डॉक्टरांनी मास्तरांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. मास्तरांचा हात तिथे गेला. टेप होती. भर रस्त्यानं, टोपली घेऊन, ते गळ्यात टेप घालून आले होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

"अहो, त्यांना विचारून काय उपयोग!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या कॉलरमधून टेप डोकावतेय!"

टेप खुंटीला गेली. टाचणीची मानही खुंटीकडे गेली. मास्तर भीत भीत पुन्हा वाकले. टाचणीनं त्यांचं बोट हुंगलं आणि डोकं घासलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा!

"ती तुम्हाला चावतच नव्हती," डॉक्टर हसून म्हणाल्या. "ती टेपची शिकार करते. तुम्ही वाकलात की टेप झुलते. हात आडवा आला म्हणून हाताला चावा बसतो. आधी तिच्याशी कुणी खेळायचं का?"

"आमची लेक," मास्तर हळूच म्हणाले. "ती गेली."

"मग शिकार करायला तिला उरलं कोण? तुम्हीच! आणि हातानं मस्ती करून तुम्ही तिला हात हेच खेळणं आहे असं शिकवलंत. आता असं करा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं काठीला चिंधी घट्ट बांधून खेळा. दोरा नको, गिळेल. खेळ झाला की खायला द्या. चावलीच, तर हात ओढू नका, ओरडू नका. स्तब्ध राहा. तिनं सोडलं की दुसरीकडे जा. मारणं, पाणी उडवणं, सगळं बंद."

काखेत कळसा म्हणतात तसं झालं होतं, फरक इतकाच की मास्तरांचा कळसा गळ्यात होता! वाटेत त्यांनी घाबरत विचारलं, "आत्ताचा चावा धरणार का गं?"

"तो दवाखान्यातला," मास्तरीणबाई उदारपणे म्हणाल्या. "तो धरत नाही."

मग मास्तर पेटलेच. त्यांनी उत्तम काठी तासली, मखमलीच्या चिंध्या निवडल्या आणि रीतसर कातरून त्यांचं झुपकेदार शेपूट केलं. टेप पत्र्याच्या डब्यात गेली. पहिल्या दिवशी त्यांचा हात चौदा वेळा रिकाम्या गळ्याकडे गेला. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता दुकानाला दहा मिनिटांची सुट्टी! तिसऱ्या दिवशी टाचणीनं सवयीनं हात तोंडात धरला. मास्तर डोळे मिटून पुतळ्यासारखे उभे राहिले. टाचणीनं एक क्षण विचार केला आणि सोडून दिलं. दात उमटलेसुद्धा नाहीत! मास्तरांनी तो हात अख्ख्या गल्लीला दाखवला. काहीच झालं नव्हतं, तेच तर दाखवायचं होतं.

पंधरावा दिवस उजाडला. लेक आली, "टाचणीऽ" म्हणाली, आणि टाचणी धावत येऊन तिच्या मांडीवर! मास्तरांच्या डोळ्यांत पुन्हा कचरा गेला. "जशीच्या तशी! शब्द दिला होता ना?"

इतक्यात मॅनेजरसाहेब सूट न्यायला आले. घालून पाहिला, तर कंबर करकचली.

"साहेब, तुम्ही कमी करणार होतात ना?" मास्तरांनी विचारलं.

"वाढलो," साहेब म्हणाले.

पुन्हा माप घेणं आलं. डबा उघडला. टेप निघाली. लेकीच्या मांडीवरून टाचणीनं मान वर केली. तिचे डोळे गोल झाले, कुल्ले हलू लागले. साहेब आवाज न करता टेबलाकडे सरकू लागले. मास्तरीणबाई पडद्यात श्वास रोखून उभ्या होत्या. एकच चावा!

मास्तरांनी उजव्या हातात टेप धरली आणि डाव्या हातानं मखमलीची काठी झोकात फिरवली. टाचणीनं टेपकडे पाहिलं, शेपटाकडे पाहिलं, आणि हवेत झेप घेतली ती थेट मखमलीवर! बेचाळीस, त्रेचाळीस, साडेत्रेचाळीस. माप झालं, साहेब अखंड राहिले.

"वा, बाबा!" लेक टाळ्या वाजवत म्हणाली. "मग कागद वाचलात म्हणायचा!"

"कुठला कागद?"

"थांबा, जुनं माप काढा आधी," साहेब म्हणाले. लेकीनं फळीवरचा मापाचा कागद काढला. छाती, बाही, कंबर चाळीस. तिनं तो उलटा केला, आणि तिच्या भुवया वर गेल्या. मग तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'एक. सगळ्यात महत्त्वाचं! टाचणीजवळ जाताना गळ्यातली टेप काढून ठेवा, ती तिची शिकार आहे. दोन. सकाळ-संध्याकाळ चिंधीच्या काठीनं खेळा. काठी दारामागे आहे. तीन. हातानं मस्ती नको, ओरडायचं नाही, पाणी उडवायचं नाही. चार. बाबा हा कागद वाचणार नाहीत. आई, तू वाच.'"

साहेबांचा हात आपोआप मागे, जुन्या जखमेकडे गेला. मास्तर दारामागच्या जाळ्या काढायच्या काठीकडे बघत राहिले.

"अगं, गिऱ्हाइकांची मापं किती असतात..." ते पुटपुटले. "आणि टाचणी राहिली की नाही? तिला गिरणीत जावं लागलं नाही ना?"

"नाही, ती नाही जाणार," मास्तरीणबाई पडद्यातून बाहेर येत म्हणाल्या. "पण गिरणीवाल्यांना मी शब्द दिलाय. कुणाला तरी पाठवावं लागेल! तुम्ही तयारी करा."