हिरड्यांची काही तक्रार नाही

जिथे तक्रार नाही तिथे दुखणं नाही, हा उत्तम प्रशासनाचा पाया आहे. आमच्या तक्रार निवारण विभागाच्या साहेबांनी हे तत्त्व आधी खिडकीला लावलं आणि मग स्वतःच्या हिरड्यांना.

खिडकीचं काम सोपं होतं. ती बंद केली, तक्रारी शंभर टक्के घटल्या. (लोक बाहेर बोंबलत, पण बोंब ही तक्रार नव्हे, तक्रारीला खिडकी लागते.) हिरड्यांचं काम सिगारेटनं केलं. दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांना कळवळून म्हणाल्या, "अहो, हिरड्यांना रोग झालाय. धुरानं रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून रक्त दिसत नाही. आत हाड झिजतंय. सिगारेट सोडा, नाहीतर दात जातील." साहेबांनी यातलं 'रक्त दिसत नाही' तेवढं मंजूर केलं. बाकीचं विचाराधीन ठेवलं.

पण घरी वहिनी होत्या. त्यांनी सगळी पाकिटं कचऱ्यात घातली. "बोळकं घेऊन लेकीकडे गेलात तर नातू कोण आणि आजोबा कोण, कळायचं नाही!" साहेब नमले. थोड्याच दिवसांत ब्रश लाल व्हायला लागला. (डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिरड्या आता कुठे बोलायला लागल्यात, घाबरू नका, उपचार घ्या. बाईंना प्रशासनाचा अनुभव नाही.)

साहेबांनी सरळ हिशेब मांडला. सिगारेट होती तेव्हा रक्त नव्हतं. सोडली, रक्त आलं. म्हणजे रोग सिगारेट सोडण्याचा! हा निष्कर्ष त्यांनी गच्चीवर धूर सोडत आम्हाला सांगितला. आम्ही माना डोलावल्या, कारण बढतीचे शेरे तेच लिहिणार होते. रक्त थांबलं. त्याच महिन्यात विभागाला शून्य तक्रारींची ढाल मिळाली.

ढाल हातात घेऊन साहेब भाषणाला उभे राहिले. "आमच्या विभागात काहीही ढिलं नाही," ते गरजले, आणि समोरचा दात टणकन ढालीवर पडला. वहिनींनी डोळे पुसले. "आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?" असं त्या पुटपुटल्या. मला फार वाईट वाटलं हो. टाळ्या मात्र मीच आधी वाजवल्या.

बाकीचे दातही यथावकाश गेले, एकामागून एक, कसलीही कुरकुर न करता.

हसा, हसा. पण वाचता वाचता तुमची जीभ हळूच हिरड्यांवरून फिरली ना? कुठे दुखलं नाही? वा! मग काळजी कसली? साहेबांचंही दुखत नव्हतं.