मिस वर्नाच्या कडक स्प्रिंगा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाडीच्या चार जाडजूड पिवळ्या स्प्रिंगा उभ्या होत्या आणि त्यांच्यातून वाट काढत वर्नाचा नवरा हार्लन क्लुग आपली अंडी खात होता.

"मीठ दे," तो म्हणाला.

वर्नाने दोन स्प्रिंगांच्या मधून मीठ सरकवलं. "एकदा दाबून तर बघ. जराही दबत नाही!"

"जी दबत नाही तिला स्प्रिंग कशाला म्हणायचं? खांब म्हण."

वर्नाने त्यातलीच एक उचलून फडक्याने पुसली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या त्या लहानशा गावात तिने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. बर्फात, धुक्यात, साठ पोरांच्या कलकलाटात. बसला एक ओरखडा म्हणून उठला नव्हता. लग्न झालेलं असूनही पोरं तिला 'मिस वर्ना'च म्हणत, आणि मोठी झाली तरी तेच नाव राहिलं. निवृत्त झाल्यावर तिच्या वयाच्या बायका गोधड्या शिवायला बसल्या. वर्नाने टप उघडणारी, दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि गावच्या मोटार क्लबात नाव घातलं. उन्हाळ्यातल्या रविवारी क्लबाची मंडळी जत्रेच्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडत आणि एकेकाने त्यांच्यामधून घड्याळ लावून गाडी पळवायची.

सगळं बिघडलं ते पहिल्याच बैठकीत. क्लबाचा अध्यक्ष ब्रेंट ऑस्टरहाउट, दरवर्षी कप त्याचाच, सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "मिस वर्ना, तुम्ही आपली गाडी आहे तशी मऊच ठेवा. माझ्या गाडीत शर्यतीच्या स्प्रिंगा आहेत, पण त्या सगळ्यांना झेपत नाहीत. या वयात..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही, एवढं शहाणपण त्याच्यात होतं. पण पहिलीत असताना हाच ब्रेंट बसमध्ये रोज ओकायचा आणि पिशवी वर्ना धरायची. त्या पोराने वय काढावं?

दुसऱ्या दिवशी ती मिलोच्या गॅरेजात हजर झाली. मिलो जुना, कमी बोलणारा मेकॅनिक.

"आधी टायर बदल," तो म्हणाला. "स्प्रिंगांचं नंतर बघू. आणि आपले रस्ते बघून निवड. स्प्रिंग बेताची असली की चाक जमिनीला धरून राहतं. फार कडक असली की गाडी उड्या मारते."

"ब्रेंटच्या गाडीत कुठल्या आहेत?"

"माझ्याकडे बसवल्या नाहीत. मला काय ठाऊक?"

"शर्यतीच्या आहेत म्हणतो."

"म्हणत असेल."

"मग मला त्याच्याहून एक नंबर वरच्या. आणि टायर सगळ्यात चिकट."

"चिकट टायर मऊ रबराचे असतात, वर्ना. तापले की रस्त्यावरचं सगळं उचलतात."

"उचलू देत. रस्ता तेवढाच स्वच्छ होईल."

टेबलावरच्या स्प्रिंगा आणि नवे टायर बसवून शुक्रवारी दुपारी काम झालं. गाडी दोन इंच खाली बसली आणि अशी दिसू लागली, की शेजारच्या कुत्र्याने तिच्यावर भुंकायचं सोडून दिलं. वर्ना तिच्याभोवती तीनदा फिरली. चौथ्या फेरीला हार्लन म्हणाला, "उद्याची मिरवणूक लक्षात आहे ना? ग्रुबरबाई तुझ्याच गाडीत बसणार आहेत."

वर्ना जागच्या जागी थांबली. गावच्या उन्हाळी मिरवणुकीचा मान यंदा एडना ग्रुबरबाईंचा होता. वय एक्याण्णव, चाळीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला, वर्नालासुद्धा, त्यांनी कोपऱ्यात उभं केलेलं. आणि "बाईंना माझ्याच गाडीतून नेणार," हे वर्नाने स्वतःच्या तोंडाने, छाती पुढे काढून जाहीर केलं होतं.

"नेईन की," ती म्हणाली. "दोन उशा घालू."

शनिवारी बाई दोन उशांवर बसल्या, डोक्यावर निळी हॅट. पुढे अग्निशमन दलाचा ट्रक, मागे शाळेचा बँड, त्याच्या मागे क्लबाच्या गाड्या. मिरवणूक हलली. रस्त्यातली पहिली भेग आली आणि हॅट बाईंच्या नाकावर आली.

"वर्ना, हे काय होतं?"

"भेग, बाई."

"चष्मा लावते तेव्हासुद्धा मला ही भेग दिसत नाही. आज कळली!" बाईंनी हॅट वर केली. पुढची भेग. हॅट खाली. लोकांना वाटलं, बाई हॅट हलवून सलाम करताहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्नाची मान ताठ झाली.

मग ट्रकवरच्या जवानांनी रिवाजाप्रमाणे पोरांसाठी गोळ्या-टॉफ्या उधळल्या. ऊन रणरणत होतं, टायर तापले होते. पोरं वाकेपर्यंत गाडी पुढे जायची आणि टॉफ्या चाकांना चिकटून गोल गोल फिरायच्या. 'टप-टप-टप-टप' असा घोडा दौडल्यासारखा आवाज येऊ लागला. पोरं काही कमी नव्हती. गाडीचा वेग माणसाच्या चालीचा. ती बाजूने पळत धावत्या चाकाच्या टॉफ्या सोलायला लागली.

"चाकापासून लांब!" वर्ना ओरडली. बसमधला आवाज होता तो. पोरं एका झटक्यात फुटपाथवर चढली.

"छान," बाई म्हणाल्या. "आवाज अजून शाबूत आहे तुझा."

इथपर्यंत सगळं निभावलं. पुढे रेल्वेचं फाटक आलं. त्या रुळावरून रविवारखेरीज गाडी जात नाही, पण रूळ उंचावर आहेत आणि रस्ता तिथे उंटाच्या पाठीसारखा चढून उतरतो. ट्रक गेला. वर्नाची पुढची चाकं चढली, उतरली, आणि 'खर्रर्र' करून गाडीचं पोट मधोमध टेकलं. मागची चाकं हवेत फिरायला लागली. उरलेल्या टॉफ्या बँडवर उडाल्या.

मिरवणूक थांबली. बँडला थांबायचं शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे तीच धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

ट्रकवरून हाक आली, "मिस वर्ना, दोर टाकू का? ओढून काढतो!"

"खबरदार! चौतीस वर्षांत माझ्या गाडीला कुणी दोर लावलेला नाही."

"मग काय करायचं?"

ते वर्नालाही ठाऊक नव्हतं. तिचे कान तापले. सारं गाव दोन्ही बाजूंना उभं, आणि ती उंटावर बसल्यासारखी. एवढ्यात मदतीला म्हणून ब्रेंट आपली गाडी बँडच्या कडेने पुढे घेऊन आला आणि शेजारूनच रूळ ओलांडून गेला. पाण्यावरची होडी डुलावी तशी त्याची गाडी अलगद डुलली, आणि पार!

वर्ना खाली उतरली. चालत गेली. ब्रेंटच्या गाडीच्या कोपऱ्यावर तिने तळहात ठेवून दाबलं. गाडी गादीसारखी खाली गेली, वर आली.

"ब्रेंट."

"मिस वर्ना, हळू बोला."

"या स्प्रिंगा गाडीबरोबर कारखान्यातून आलेल्याच आहेत ना?"

ब्रेंटचा चेहरा पहिलीतल्यासारखा पांढरा पडला. "मणक्याचा त्रास आहे मला. पाया पडतो, कुणाला सांगू नका."

वर्नाने त्याच्याकडे नीट बघितलं. बसमध्ये ऐकलेलं तिने कधी कुणाच्या आईलाही सांगितलं नव्हतं. "ये, हात लाव गाडीला," एवढंच ती म्हणाली.

मग ती परत आली, सीटवर चढून उभी राहिली आणि गर्दीवर नजर फिरवली. दंतवैद्य, पोलीस, चीजच्या कारखान्याचा मालक, महापौर. एकेक चेहरा तिला बसमधल्या जागेसकट आठवत होता.

"माझ्या बसमधून गेलेले सगळे पुढे या! मोठी मुलं मागच्या चाकांकडे! रांगेत! ढकलाढकली नको! महापौर, च्युइंगगम थुंक आधी!"

चाळीस-पन्नास माणसं निमूट रांगेत आली. महापौराने कागदात गुंडाळून च्युइंगगम खिशात टाकलं.

"बाई, जरा उतरता का?"

"मानाची पाहुणी अर्ध्या वाटेत उतरत नाही," ग्रुबरबाई म्हणाल्या आणि हॅट दोन्ही हातांनी धरली.

"एक, दोन, तीन!" गाडी बाईंसकट उचलली गेली, रुळांवरून पालखीसारखी नेली गेली आणि पलीकडे टेकली. बँडला अखेर पुढची धून सापडली. गावाने एवढ्या टाळ्या कुठल्याच मिरवणुकीत वाजवल्या नव्हत्या.

घरी आल्यावर मात्र वर्ना कमरेला गरम पिशवी लावून पडली. "सोमवारी मिलोला फोन कर," ती छताकडे बघत म्हणाली. "जुन्या स्प्रिंगा परत बसव म्हणावं."

"आत्ता करतो."

"सोमवारी. उद्या शर्यत आहे."

रविवारी मैदानातल्या खडबडीत डांबरावर मिलोचा शब्द खरा ठरला. गाडी शेळीसारखी उड्या मारत गेली. वर्नाने पाच शंकू पाडले, सहावा बंपरला अडकवून घेऊन आली. नंबर शेवटून दुसरा. ब्रेंट नेहमीसारखा पहिला.

कप देताना कुणीतरी विचारलं, "अध्यक्ष, त्या शर्यतीच्या स्प्रिंगांचा नंबर तरी सांगा आता!"

ब्रेंटने वर्नाकडे पाहिलं. ती आकाशाकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. ती काही बोलली असती तर त्याने कदाचित थाप मारून नेली असती. पण तिचं ते गप्प राहणं त्याला सोसवेना.

"कारखान्यातल्याच आहेत," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

 मग मागून कुणीतरी खाकरलं. "माझ्याही. त्या कडकवाल्या मी आठ दिवसांत काढल्या."

"माझ्या दोन वर्षं खोक्यातच आहेत," दुसरा म्हणाला. "बायकोला वाटतं, गाडीत आहेत."

तिसऱ्याने कधी घेतल्याच नव्हत्या. चौथ्याने स्प्रिंगांच्या कंपनीचा नुसता स्टिकर आणून गाडीवर लावला होता. बघता बघता सगळ्या क्लबाने मन मोकळं केलं आणि हळूहळू सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"म्हणजे खऱ्या शर्यतीच्या स्प्रिंगांवर गाडी चालवणारं आपल्यात एकच माणूस आहे," ब्रेंट म्हणाला आणि त्याने टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या.

वर्ना एकसष्ट वर्षांची होती. तिच्या कमरेत कळा येत होत्या. ती काठीसारखी सरळ उभी राहिली, सगळ्यांपुढे मान तुकवली आणि गाडीत जाऊन बसली. हार्लन शेजारी बसला. मैदानातून बाहेर पडताना दोघेही एकदम उडाले आणि एकदम आपटले.

"हार्लन," ती म्हणाली, "उद्या मिलोला फोन करू नकोस."

"आणि माझ्या कमरेचं काय?"

"ती क्लबाची सभासद नाही."